सल्ला हवा आहे: घरात मोकळे फिरणारे ससे आणि कायमची राहायला येणारी मांजरे

दुपारचा_कवडसा (धागाकर्ती)
आमच्याकडे ससा आणि सशीण अशी जोडी आहे. दोघांचेही निर्बीजीकरण झालेले आहे, पिंजऱ्याचे दार कायम उघडे असते आणि बैठकीची खोली त्यांनी पूर्णपणे आपली करून टाकली आहे. भाऊ परदेशी जात असल्यामुळे त्याची दोन तरुण मांजरे आता आमच्याकडेच राहणार आहेत. त्यातला बोका शांत आहे, पण मांजरी खिडकीबाहेर पाखरू दिसले तरी दात कटकटवते. घरात बैठकीची खोली, झोपण्याची खोली आणि दार नसलेले स्वयंपाकघर एवढीच जागा आहे. घर भाड्याचे असल्याने भिंतींना भोके पाडता येणार नाहीत आणि विकत घ्यायची झाल्यास फार तर एकच वस्तू घेता येईल. ती कोणती घ्यावी आणि बाकीचे घरातल्या सामानात कसे भागवावे, हे कृपया सांगावे.

उंच_फळी
भिंतीवरच्या फळ्या घ्याव्यात, दुसरा विचारच करू नये. ससा जमिनीवर राहतो आणि मांजराला उंचावर बसून खाली पाहायला आवडते, त्यामुळे दोघांची भांडणे होण्याचे कारणच उरत नाही. आम्ही छताच्या खालून चारही भिंतींना फळ्यांची रांग, मध्ये दोन मचाणे आणि खिडकीत बैठक करून घेतली असून घरी येणारा प्रत्येक जण त्या कामाची चौकशी करतो.

दुपारचा_कवडसा
धन्यवाद, परंतु भोके पाडता येणार नाहीत असे वर लिहिले आहे.

उंच_फळी
घर सोडताना भोके बुजवता येतात.

सशाचे_राज्य
आपण उगाच घाबरत आहात. आमच्या सशाने पहिल्याच आठवड्यात मांजराला पायाने अशी लाथ हाणली की तेव्हापासून ते त्याला पाहून वाट बदलते. आता दोघे एकाच गादीवर झोपतात, त्यामुळे आमच्याकडे ना फाटक आहे ना फळ्या. चार दिवस एकत्र सोडावे, ते आपापले ठरवतात.

गवताची_पेंढी
वरच्या सल्ल्याशी मी पूर्ण असहमत आहे. एका घरात जमले म्हणून दुसऱ्या घरात जमेलच असे नसते, कारण यात सशाचे आकारमान, मांजराचा स्वभाव आणि पळायला मोकळी असलेली जागा या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात. चार किलोचा ससा लाथ मारून मांजराला हटवू शकतो, पण किलोभराच्या बुटक्या जातीच्या सशाकडून ती अपेक्षा करणे धोक्याचे आहे. शिवाय मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. त्याचा दात सशाला लागला, तर वरून टोचल्याएवढीच दिसणारी जखम आत चिघळत जाते, म्हणून रक्त दिसो वा न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. घरात मांजरासाठी आणलेले अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सशाला देऊ नये. अ‍ॅमॉक्सिसिलीनसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि त्यातून ससा दगावू शकतो.

मांजरी पाखराकडे पाहून दात कटकटवते, ही मला या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती वाटते. पहिल्या भेटी जाळीआडूनच घडवाव्यात, ससा मांडीवर न धरता जमिनीवर असावा आणि मांजरीच्या अंगात पट्टा असावा. तिचे अंग जमिनीला चिकटले, नजर स्थिर झाली, शेपटीचे टोक हलू लागले किंवा मागचा भाग डुलू लागला, की भेट तिथेच थांबवावी. सशाने पाय आपटला तर ती धोक्याची सूचना समजावी. मात्र अजिबात न हलता, डोळे वटारून चपटा बसलेला ससा अधिक घाबरलेला असतो, आणि लोक नेमके त्यालाच ‘शांत बसलाय’ असे म्हणतात.

सशाचे_राज्य
आमचा ससा दीड किलोचाच आहे.

स्वच्छ_कोपरा
मलमूत्राच्या ट्रेचा प्रश्न कोणीच उपस्थित केलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. मांजरांच्या ट्रेमध्ये गुठळी होणारी वाळू असेल तर ससे ती चघळतात आणि ती पोटात फुगते, त्यामुळे दोन्ही प्राण्यांसाठी कागदाच्या गोळ्यांचा भराव वापरावा. मांजरेही सशाच्या गवतात बसायला जातात, आणि त्यांची विष्ठा लागलेले गवत सशाने खाल्ले तर टॉक्सोप्लाझ्माची बाधा होऊ शकते. विष्ठेतून पडणारी या परजीवीची बीजे संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ट्रे रोज साफ करणे हा निम्मा उपाय झाला. मी झाकण असलेला, वरून दार असलेला ट्रे घेतला असून आपली एकमेव वस्तू तीच असावी, असे माझे मत आहे.

तिसरी_मांजर
झाकणाचा ट्रे आमच्या मांजरांनी सपशेल नाकारला आणि शेजारी पायपुसण्यावर बसू लागली. उघडा ट्रे टेबलावर ठेवावा.

स्वच्छ_कोपरा
झाकणाची सवय लावावी लागते. टेबलावर मलमूत्राचा ट्रे ठेवणे मला पटत नाही.

तिसरी_मांजर
सशाला टेबलावर सहसा चढता येत नाही आणि मांजराला येते, एवढेच माझे म्हणणे आहे. मांजरांचे खाणेही तिथेच ठेवता येईल, कारण त्यातली प्रथिने आणि चरबी सशाच्या पचनसंस्थेला झेपत नाही आणि संधी मिळाली तर ससे ते आवडीने खातात.

फाटकवाला
माझ्या मते स्वयंपाकघराच्या तोंडाशी धातूचे फाटक बसवावे. प्लॅस्टिकचे घेऊ नये. आमच्या सशिणीने त्याचे गज कुरतडून स्वतःपुरती वाट करून घेतली होती. दाब देऊन उभे राहणारे फाटक मिळते, त्याला भोके लागत नाहीत. सशांसाठी साधारण ९० सेंटिमीटर उंची पुरते.

गवताची_पेंढी
सशासाठी ती उंची पुरते, परंतु तरुण मांजर तेवढे फाटक सहज ओलांडते. म्हणजे ससे कोंडले जातील आणि मांजरे हवी तेव्हा आत उतरतील.

फाटकवाला
आमची मांजर उडी मारत नाही.

उंच_फळी
तिला वर जायला फळ्या दिल्या असत्या तर मारली असती.

औषधाची_कुपी
एक गोष्ट कृपया ठळकपणे लक्षात ठेवावी. पिसवांसाठी मांजराच्या मानेवर टाकतात त्या औषधांपैकी फिप्रोनिल असलेले औषध सशांना विषारी ठरते. एकाच घरात राहणारे प्राणी एकमेकांना चाटतात, त्यामुळे मांजराला औषध लावण्यापूर्वी घरात ससे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि औषध वाळेपर्यंत त्यांना वेगळे ठेवावे. नवीन मांजरांच्या धास्तीने सशाने खाणे सोडले किंवा लेंड्या बारीक होऊन थांबल्या, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. दहा-बारा तास उपाशी राहिलेल्या सशाचे आतडे मंदावते आणि ती तातडीची अवस्था असते. टाइल्सवरून घाबरून पळताना सशाचे पाय घसरतात आणि पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

सशाचे_राज्य
एवढे सगळे वाचून कोणी प्राणी पाळायचेच नाही. पुन्हा सांगतो, एकत्र सोडावे.

दुपारचा_कवडसा
सर्वांचे आभार. आमची सशीण सव्वा किलोची आहे, त्यामुळे एकत्र सोडून पाहण्याचा सल्ला मी बाजूला ठेवते. फाटक आणि फळ्याही घेत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी कोणाच्या तरी वाटेत काहीतरी उभे करायला सांगितले, पण झोपण्याच्या खोलीला भक्कम दार आधीपासून आहे आणि ते मी मांजरांसाठी वापरणार आहे. ससे आणि मांजरे दोघेही पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असतात, म्हणून त्या वेळी आणि रात्रभर मांजरे आमच्याबरोबर आत राहतील. त्यांचा ट्रे, खाणे आणि कपाटाच्या माथ्यावरची बसण्याची जागाही आतच असेल. दिवसा मी घरी असेन तेवढाच वेळ ओळखपाळख चालेल. मांजरी पट्ट्याशिवाय बाहेर येणार नाही, मग त्याला कितीही महिने लागोत. सशांना दडायला दोन्ही बाजूंनी मोकळी असलेली खोकी सोफ्याखाली आणि टेबलाखाली ठेवते.

विकत घेण्याची एकच वस्तू म्हणजे रबरी तळाचा लांब गालिचा. तो पिंजऱ्यापासून सोफ्यापर्यंत अंथरला की पळताना पाय घसरणार नाहीत.

उंच_फळी
मांजरे रात्रभर दार ओरबाडतील.

तिसरी_मांजर
पहिले काही दिवस नक्कीच ओरबाडतील. झोपण्यापूर्वी दमेपर्यंत खेळवून लगेच खायला द्यावे, मग निवांत झोपतात. मात्र दोरीला बांधलेली खेळणी सशांसमोर फिरवू नयेत, त्याने मांजरीचा शिकारीचा जोर वाढतो.

स्वच्छ_कोपरा
झोपण्याच्या खोलीत ट्रे ठेवणार असाल तर झाकणाचाच घ्यावा, हे मी पुन्हा सांगते.

औषधाची_कुपी
गालिचा विणीच्या सैल फासांचा नसावा. ससे कडेचे धागे ओढून गिळतात आणि ते आतड्यात अडकतात. आखूड, घट्ट विणीचा पाहावा आणि त्याच्या कडा सोफ्याच्या पायांखाली दाबून ठेवाव्यात.