पालिकेच्या कर्जरोख्यांचा हिशेब नागरिकांनी कसा तपासायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या पालिकेने पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी कर्जरोखे (गुंतवणूकदारांकडून व्याजाने पैसे उभारायचे कागद) काढायचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे. आम्ही काही नागरिक तो वाचत आहोत. वित्त, लेखापरीक्षण किंवा रोखेबाजारात काम केलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

रोख्यांना माझा विरोध नाही. पुढची पिढीही वापरणार असलेल्या जलवाहिनीचा सगळा खर्च आजच्याच करदात्यांनी का सोसावा? पण पुढे हप्ते भरणाऱ्यांपैकी अनेकांना आज मत नाही. म्हणून ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांना आत्ताच प्रश्न विचारायला हवेत.

पतमानांकन उत्तम मिळेल, यावर प्रस्तावात फार भर आहे. माझे त्याने समाधान होत नाही. गुंतवणूकदाराचे पैसे वेळेवर परत मिळण्याची शक्यता किती, एवढेच मानांकन सांगते. नळाला पाणी आले का, हे त्यातून कळत नाही.

एकूण परतफेड किती होणार, हा आकडा तर कुठेच नाही. कॅलिफोर्नियातल्या पोवे इथल्या शाळा मंडळाने 2011 मध्ये सुमारे 10.5 कोटी डॉलर रोख्यांतून उभे केले. पहिली वीस वर्षे काहीच भरायचे नाही, व्याज साठत राहणार, अशी रचना होती. एकूण परतफेड 98 कोटी डॉलरच्या आसपास जाते हे लोकांना रोखे विकल्यावर उमगले. 2013 मध्ये राज्याने कायदा करून अशा रोख्यांची परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर जाऊ नये असे बंधन घातले, पण पोवेकरांची सही आधीच झाली होती.

अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यातल्या जेफरसन काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रकरण तर मलनिस्सारणाचेच. बदलत्या व्याजाचे रोखे, त्यावर व्याजदरांच्या अदलाबदलीचे करार (बदलत्या आणि ठरावीक व्याजाची बँकांशी अदलाबदल), कर्ज 3 अब्ज डॉलरच्या वर. 2008 मध्ये बाजार कोसळला तेव्हा हप्ते आवाक्याबाहेर गेले आणि 2011 मध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. रोख्यांच्या कामात लाच घेतल्याबद्दल काउंटीचा कारभार बघणाऱ्या आयोगाचे माजी अध्यक्ष लॅरी लँगफर्ड तुरुंगात गेले. वाढीव मलनिस्सारण शुल्क मात्र सामान्य कुटुंबांनी भरले.

मी अडलोय ते एस्क्रो खात्यापाशी. मालमत्ताकर आधी त्या खात्यात जमा होणार, हप्ता बाजूला काढून उरलेले पैसे पालिकेला मिळणार. वसुली कमी झाली तर कात्री कुठे लागेल? पगार, सफाई, दवाखाने? हे लेखी कसे मागायचे? आणि रोख्यांचे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च होतात याचा पुरावा कुठल्या कागदात सापडतो?

प्रतिसाद

तुमचा एस्क्रोचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो सोडू नका. गेल्या पाच वर्षांची कराची मागणी (पालिकेने आकारलेला कर) आणि प्रत्यक्ष वसुली शेजारी शेजारी मागा. मागणीच्या आकड्यावर हप्ता बसवला असेल तर तिथेच गडबड आहे. मग वसुली पाचव्या हिश्शाने घटली असे धरून, हप्ता दिल्यावर खर्चाला किती उरते ते वर्षवार काढून द्या म्हणा. हिशेब करून दिला तर उत्तम. नाही दिला तर तशी नोंद करून घ्या.

पैशांच्या पुराव्यासाठी स्वतंत्र बँक खाते, त्याचा तिमाही जमाखर्च, आणि कामागणिक मंजूर रक्कम, दिलेली देयके, प्रत्यक्ष प्रगती मागा. न वापरलेली रक्कम कुठे ठेवली, तिचे व्याज कुणाला, हेही विचारा. सल्लागाराची फी रोखे विकले तरच मिळणार असेल तर "रोखे काढूच नका" असा सल्ला तो सहसा देणार नाही, त्यामुळे ती फी जाहीर व्हायला हवी.

हे सगळे ठरावातच अटी म्हणून घाला. रोखे विकले गेले की रोखेधारकांच्या वतीने नेमलेला विश्वस्त त्यांचेच हित बघतो, नागरिकांचे नाही. अमेरिकेत 2009 पासून 'एम्मा' या संकेतस्थळावर पालिकांच्या रोख्यांची कागदपत्रे कुणालाही फुकट बघता येतात. कॅलिफोर्नियात 55 टक्के मतांनी मंजूर होणाऱ्या शाळा-रोख्यांवर नागरिकांची देखरेख समिती कायद्यानेच सक्तीची आहे. तशी समिती मागा.

धागाकर्ता

मनापासून आभार. पाच वर्षांच्या वसुलीचा अर्ज उद्याच देतो. एकच विचारायचे राहिले: अटी सुचवणारे आमचे पत्र सभेच्या इतिवृत्तात यायला हवे असेल, तर ते एखाद्या सदस्याने उपसूचना (मूळ ठरावात बदल सुचवणारी सूचना) म्हणून मांडावे लागते का? कुणी असे केले असेल तर मसुदा कसा होता तेही सांगा.