'तेढ', 'आकस' की 'वहीम'?

प्रश्न : जुन्या नाशकातल्या शांतता समितीच्या इतिवृत्तासाठी शब्द हवा आहे. समोरचा समाज आपल्या वाईटावर आहे, असं एका समाजाला वाटतं. तसं असेलच असं नाही. याला 'तेढ' म्हणावं का?

उत्तर : नको. तेढ म्हणजे वाकडेपणा, आणि ती दोघांत पडते. कोणी पाडली ते सांगावं लागत नाही, म्हणून बातमीला सोयीची. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (पूर्वीचं १५३-अ) शत्रुत्व वाढवण्याबद्दल आहे, छापून मात्र 'तेढ निर्माण केल्याप्रकरणी' असंच येतं. 'आकस' तर त्याहून धोक्याचा: 'त्यांच्या मनात आकस आहे' लिहिलंत की इतिवृत्ताचा आरोप झाला.

दुसरं उत्तर : 'वहीम' घ्या. मूळ अरबी 'वह्म', म्हणजे भास, कल्पना. मराठीत त्याचा संशय झाला. षष्ठी कुणाला लागते ते पाहा: 'त्यांचा आमच्यावर आकस', पण 'आमचा त्यांच्यावर वहीम'. तुम्हाला नेमकं हेच म्हणायचंय ना?

तिसरं उत्तर : 'वहीम' हा शब्द पटला, पण वहीम बसून राहत नाही. वहीम आला की माणूस आधी हात आखडतो: ओळखीचं दुकान टाळतो, सलाम-नमस्कार तुटतो. समोरच्याला तेच वैर दिसतं, तोही तसाच वागतो, आणि पहिल्याच्या वहिमाला पुरावा मिळतो. तेढ येते ती यानंतर.

इतिवृत्तात खरी गडबड क्रियापदात होते. वाकडी बारवेहून निघालेली विसर्जन मिरवणूक एखाद्या प्रार्थनास्थळासमोर 'थांबली' की 'थांबवली'? एका 'व'ने हेतू चिकटतो. लिहावं असं: 'पुढचं वाहन वळणावर अडकल्याने मिरवणूक १२ मिनिटं थांबली.' कारण माहीत नसेल तर ठिकाण आणि वेळ, बस्स. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या, तेव्हा मुंबईत ईदचा जुलूस २९ला निघाला. त्याला 'पुढे नेला' म्हणा. 'माघार घेतली' म्हटलंत की मान राखणाऱ्यालाच हरवलंत.

प्रश्न : 'वहीम' आजच्या कानाला जुना नाही वाटणार?

उत्तर : वाटेल थोडा. मग 'संशय घेतला' लिहा. 'संशय निर्माण झाला' नको, त्यात घेणारा पुन्हा गायब होतो. आणि 'वहीम'च ठेवलात तर सामान्यरूपात हि ऱ्हस्व: वहिमाने, वहिमावरून.