जॉन मिचेलच्या नकाशामुळे सीमेचा घोळ कसा झाला?

प्रश्न: व्हर्जिनियात डॉक्टरकी करणाऱ्या, वनस्पती अभ्यासणाऱ्या मिचेलकडे उत्तर अमेरिकेच्या १७५५ च्या नकाशाचं काम कसं आलं? आणि चूक नेमकी कुठे झाली?

– प्रकृती बिघडल्याने तो १७४६ मध्ये लंडनला गेला. तिथे लॉर्ड हॅलिफॅक्सच्या व्यापार मंडळाने (वसाहतींचा कारभार पाहणारं ब्रिटिश सरकारी मंडळ) अमेरिकेतल्या वसाहतींतले नकाशे, अहवाल त्याला खुले करून दिले. त्यांवरून आठ तावांचा, जोडल्यावर जवळपास दोन मीटर रुंद नकाशा झाला.

– घोळ मिसिसिपी नदीच्या उगमाचा. नेमक्या त्याच कोपऱ्यात हडसन उपसागराचा छोटा नकाशा छापलाय, त्यामुळे उगम झाकला गेला. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १७८३ च्या पॅरिस तहात, याच नकाशावरून, अमेरिका आणि ब्रिटिश कॅनडा यांच्यातली सीमा म्हणून लेक ऑफ द वूड्स या सरोवरापासून सरळ पश्चिमेला मिसिसिपीपर्यंत रेषा ठरली. पण नदी तिथवर पोहोचतच नाही, उगम बराच दक्षिणेला! १८१८ मध्ये ४९वा अक्षांश धरून हे सोडवलं.

– त्याचं वनस्पतींचं कामही मोलाचं आहे. वनस्पतींच्या एका वंशाचं (genus) 'मिचेला' हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याच्यावरूनच ठेवलं.