घरच्या टीव्हीवर इंटरनेटवरून वाहिन्या : ॲप उघड्या कोडचंच घ्या

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक जाहिरात येते. "एकदाच पैसे भरा, वर्षभर सगळ्या वाहिन्या, सगळे ओटीटी, क्रिकेट फुकट. ॲप घरी येऊन टाकून देऊ." खाली लगेच दोन-चार अंगठे. परवा वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "घेऊ का रे?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. भांडायला माणसंही जास्त मिळतील.

केबल ठेवायची की तोडायची हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण नेटवरून टीव्ही बघायचाच असेल तर ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असंच सॉफ्टवेअर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे व्हीएलसी, कोडी, जेलीफिन या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या घरातलं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, कुठल्या कंपनीकडे खातं उघडायची सक्ती नाही.

यातलं काही आज उगवलेलं नाही. व्हीएलसीची सुरुवात १९९६ची, पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांचा प्रकल्प म्हणून. २००१ मध्ये जीपीएल या परवान्याखाली (कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा असं सांगणारा) कोड खुला झाला, तो आजही आहे. कोडी २००२ पासून, आधी एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रावर चालायचं, २०१४ पर्यंत नाव एक्सबीएमसी होतं. जेलीफिनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एम्बी नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यांनी २०१८ मध्ये पुढचा कोड बंद करून टाकला. तेव्हा वापरणाऱ्यांतल्याच काहींनी शेवटचा उघडा कोड उचलला आणि वेगळी चूल मांडली. बंद ॲपच्या मालकाची मर्जी फिरली की आपल्या हातात काय राहतं? पावती!

एक मात्र डोक्यात पक्कं ठेवा. ही सगळी नुसती दाखवणारी यंत्रं आहेत. वाहिन्या त्यांच्यात नसतात. वाहिन्यांची यादी वेगळी येते, एम३यू नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत. एका ओळीत वाहिनीचं नाव, पुढच्या ओळीत लिंक. कोडीत 'पीव्हीआर आयपीटीव्ही सिंपल क्लायंट' हे वरून जोडायचं ॲड-ऑन घालायचं, त्याला यादीचा पत्ता द्यायचा, की टीव्हीच्या पानावर वाहिन्या हजर. व्हीएलसीत तर कंट्रोल-एन दाबून पत्ता चिकटवला तरी झालं, फक्त तिथे कार्यक्रमांचं वेळापत्रक दिसत नाही. सोसायटीतला तो माणूस पैसे घेतो ते यादीचे, आणि ती यादी त्याच्या मालकीची नसते.

केबलनिष्ठ

धागाकर्ते, आपला उत्साह मान्य. पण घरात सत्तरीचे आई-वडील असले की 'ॲड-ऑन घालायचं, पत्ता द्यायचा' हे वाक्य तिथेच संपतं. आमच्याकडे रिमोटचं एक बटण दाबलं की बातम्या लागतात. बंद पडलं तर केबलवाल्याला फोन, तो शिव्या खात का होईना, संध्याकाळपर्यंत येतो. तुमचं कोडी बंद पडलं तर पॅरिसहून कोण येणार आहे?

आणि पैशांचं म्हणाल तर ट्रायने, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाने, २०१९ला नवे नियम आणले तेव्हा नेटवर्क शुल्क १३० रुपये अधिक कर असं ठरलं. पुढे ते बदलत गेलं, पे वाहिन्यांचे पैसे वेगळे, हे सगळं खरं. तरी नेटचं बिल, राउटर आणि तुमचा रविवार यांची बेरीज करा आणि मग सांगा.

क्रिकेटचा तर विषयच नको. आमच्याकडे सिक्स गेला की आम्ही ओरडतो. समोरच्या फ्लॅटमधले नेटवाले आमच्याकडे बघून नंतर ओरडतात.

पर्वतीपायथा

कोडीवाले पॅरिसचे नाहीत हो, पॅरिसचं व्हीएलसी :) असो.

सिक्सचं बरोबर आहे, त्याला कारणही आहे. नेटवरचं थेट प्रक्षेपण सलग धारेत येत नाही, त्याचे तुकडे पाडतात. तुकडा साधारण सहा सेकंदांचा. प्लेअर असे दोन-तीन तुकडे आधी साठवतो आणि मगच पहिला दाखवतो, म्हणजे नेट अडखळलं तरी चित्र थांबत नाही. तिथेच बारा-अठरा सेकंद गेले, वर सर्व्हरकडचा उशीर वेगळा. कंपनीच्या पैसे भरून घेतलेल्या ॲपमध्येही हा उशीर असतोच, मुक्त सॉफ्टवेअरच्या माथी मारू नका.

ओटीटीग्रस्त

मी आयटीत आहे, मुक्त सॉफ्टवेअरवर पोट भरतं, तरी या धाग्याशी सहमत नाही. लोकांना बघायचं काय असतं? मराठी मालिका, आयपीएल, नवे सिनेमे. हे सगळं कुलूपबंद येतं, म्हणजे मान्य केलेल्या ॲपमध्ये आणि उपकरणावरच उघडतं. बहुतेक ॲपचं कुलूप वाइडवाइन, गूगलचं. त्याच्या पातळ्या आहेत. एल१ म्हणजे उपकरणाच्या चिपमध्येच किल्ली सुरक्षित ठेवलेली, एल३ म्हणजे नुसती सॉफ्टवेअरमध्ये. एल३वाल्याला नेटफ्लिक्स एचडी देत नाही, कमी स्पष्ट एसडीवर बोळवण करतं. आता तुम्ही रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या, त्यावर लिब्रएलेक ही कोडी चालवण्यापुरती प्रणाली टाका, कोडी त्यातच येतं, सगळं झकास. मग पैसे भरलेलं ओटीटी लावायला जा. एकतर लागणार नाही, लागलं तर ५५ इंची टीव्हीवर धुरकट चित्र. आणि ते लावण्यासाठीही शेवटी गूगलची बंद फाइल कोडीत घ्यावी लागतेच. मग कुठे राहिला तुमचा उघडा कोड?

प्रामाणिक सल्ला असा की प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही घ्या, अधिकृत ॲप टाका, विषय संपवा. दूरदर्शन हवं असेल तर प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप आहे, नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. सह्याद्री त्यात थेट दिसतं. आषाढीची पंढरपूरची महापूजा बघायला कोडी कशाला?

डेक्कनजिमखाना

+१ ओटीटीग्रस्त. तत्त्वं कपाटात, मालिका टीव्हीवर.

गच्चीचीचावी

दोन्ही बाजू नेटलाच चिकटून बसल्यात म्हणून लिहितो. डीडी फ्री डिश, दूरदर्शनची फुकट डिश सेवा. महिन्याला शून्य रुपये. आता तुम्ही म्हणाल धागा इंटरनेट टीव्हीचा आहे, पण थांबा.

यूएसबीला लागणारा डीव्हीबी-एस२ ट्यूनर, म्हणजे उपग्रहाच्या वाहिन्या पकडणारा डबा, मिळतो. तो रास्पबेरी पायला जोडायचा, त्यावर टीव्हीहेडएंड टाकायचं. हेही जीपीएल, फुकट. छतावरच्या डिशची तार ट्यूनरमध्ये. टीव्हीहेडएंड उपग्रहावरच्या वाहिन्या शोधून यादी बनवतं आणि घरच्या वायफायवर सोडतं. मग हॉलमध्ये कोडी, स्वयंपाकघरात जुन्या टॅबवर व्हीएलसी, आईच्या खोलीत आणखी काही, सगळीकडे त्याच वाहिन्या. रेकॉर्डिंगही होतं. लिंक मरायची भीती नाही, कारण लिंक तुमच्याच घरातली. वर कुठल्या कायद्याचा प्रश्न नाही, वाहिन्या सरकारनेच फुकट सोडलेल्या.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. पुण्याहून डिशचं तोंड जवळजवळ नेमकं आग्नेयेला येतं. आमच्या गच्चीवर त्याच दिशेला पाण्याची टाकी आली, म्हणून डिश कठड्याच्या टोकाशी सरकवावी लागली. मग कमिटीचं पत्र. "गच्ची सामाईक असून वैयक्तिक उपकरणे लावण्यास मनाई आहे." मी उलट पत्र दिलं की आधीच लावलेल्या सगळ्या डिशची यादी सोबत जोडत आहे. त्यात सेक्रेटरींचीही होती. विषय पुढच्या मीटिंगला ढकलला गेला, अजून तिथेच आहे.

त्रास एकच. जुलैत पाऊस धरला की चित्राचे चौकोन होतात. डिशवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात विरतात, त्याला टीव्हीहेडएंड काही करू शकत नाही. डिश थोडी मोठी घेतली तर फरक पडतो. सामान पुण्यात तपकीर गल्लीत बघा, एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा डबा) आणि तार तरी नक्की मिळेल.

कलम_वाचणारी

इतका वेळ सगळे ज्या गोष्टीला बगल देतायत ती म्हणजे यादी. धागाकर्त्यांनी 'यादीचा पत्ता द्यायचा' म्हणून सोडून दिलं. कुठला पत्ता?

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आयपीटीव्ही-ऑर्ग नावाचा मोठा साठा आहे. देशवार, भाषावार याद्या, मराठीचीही वेगळी. ते स्वतः व्हिडिओ ठेवत नाहीत, नेटवर उघड सापडलेल्या लिंका गोळा करतात आणि हक्कदाराने तक्रार केली की काढतात. पण लिंक उघड सापडली म्हणजे ती वाहिनीने तुमच्यासाठी उघडी ठेवली असं होत नाही. सह्याद्री किंवा एखादी वृत्तवाहिनी, जी स्वतःच यूट्यूबवर थेट चालते, ती बघा, हरकत नाही. पे वाहिनीची लिंक त्यात दिसली तर ती कुठून तरी गळलेली आहे, इतकं समजायला वकील लागत नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्याला सॉफ्टवेअर जीपीएल आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

युरोपच्या न्यायालयाने एप्रिल २०१७मध्ये असाच एक निकाल दिला. डच विक्रेता टीव्हीला जोडायच्या खोक्यात उघड्या कोडचा प्लेअर आणि चोरीच्या लिंकांची ॲड-ऑन आधीच भरून विकत होता. विक्री बेकायदा ठरली. कोडीवाले तर स्वतःच अशा खोकेवाल्यांवर चिडून आहेत, कारण नाव कोडीचं खराब होतं.

आणि उलट बाजूही सांगते. २०२२मध्ये आपल्याकडे व्हीएलसीची वेबसाइट कित्येक महिने बंद होती, इंटरनेट कंपन्यांकडून उघडतच नव्हती. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. ॲप चालू, संकेतस्थळ बंद. त्या काळात लोकांनी कुठकुठल्या साइटवरून 'व्हीएलसी' उतरवलं असेल, देव जाणे.

ओटीटीग्रस्त

याच मुद्द्यावर एक भर. स्वस्तातले नाव नसलेले अँड्रॉइड खोके आठवा. जून २०२५मध्ये एफबीआयने इशारा दिला होता, बॅडबॉक्स २.० म्हणून. कारखान्यातून निघतानाच किंवा पहिल्यांदा जोडताना घुसलेलं मालवेअर, आणि गूगलने जुलैत न्यायालयात सांगितलेला आकडा एक कोटी उपकरणांच्या वरचा. हे खोके कशावर चालतात? अँड्रॉइडच्या उघड्या कोडवर! उघडा कोड म्हणजे सुरक्षित, हे समीकरण मला मान्य नाही.

पर्वतीपायथा

समीकरण मी मांडलेलंच नाही. अँड्रॉइडचा कोड उघडा आहे, पण त्या खोक्यात भरलेला कोड तो नव्हताच. मधल्या कुणीतरी त्यात घाण कालवली. म्हणून तर म्हणतो की व्हीएलसी घ्याल तर ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या साइटवरून किंवा प्ले स्टोअरवरून, कोडी घ्याल तर कोडीच्याच साइटवरून. 'कोडी प्रो मॅक्स सर्व वाहिन्या' असलं काही कुणी टेलिग्रामवर पाठवलं तर ते कोडी नाही.

कलम_वाचणारी, यादीबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी स्वतः यादी हाताने लिहितो. नोटपॅडमध्ये आठ-दहा वाहिन्या, ज्या त्यांच्या मालकांनीच खुल्या ठेवल्यात तेवढ्याच. मोठी यादी टाकली की हजारभर नावं, त्यातल्या अर्ध्याअधिक लिंका मेलेल्या, आणि उरलेल्यांत कझाकस्तानची संगीत वाहिनी. बऱ्याच लिंकांना मुदतीची किल्ली असते, काही तासांनी ती संपते.

कुलुपाचं ओटीटीग्रस्त म्हणतात ते खरं आहे. कुलूपबंद ओटीटी कोडीवर नीट चालत नाही. तिथे मी काय करतो? त्यासाठी अधिकृत ॲप ठेवतो आणि बाकी सगळं कोडीवर. घरचे जुने व्हिडिओ, पावसाळी ट्रेकचं शूटिंग, लग्नाची डीव्हीडी, हे जेलीफिनवर, म्हणजे घरच्याच संगणकावरून टीव्हीवर. पण टीव्ही कंपनीच्या हाती सगळंच देऊ नका. अमेरिकेत २०१७मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले, कारण पडद्यावर काय चाललंय हे टीव्हीच टिपत होता आणि मालकाला पत्ता नव्हता. असं कोडीत कुणी घुसवलं तर कोड वाचणारा कुणीतरी बोंब मारेल. बंद ॲपमध्ये बोंब मारायला दिसणार काय?

सूनबाई_बाणेर

कोड वाचणारे वाचोत. आमच्या घरी कोडी मी लावलं आणि सासूबाईंनी ते नाकारलं. कारण कोडी उघडलं की आधी सिनेमे, संगीत, हवामान असली पाटी समोर येते, आणि टीव्ही शोधेपर्यंत त्यांची सहाची आरती निघून जाते. शिवाय सॅमसंगच्या टीव्हीवर कोडी मिळतच नाही, तिथे वेगळी काडी (टीव्ही स्टिक) किंवा खोका लावायचा, म्हणजे रिमोट दोन. दोन रिमोट म्हणजे घरात रोज एक हरवणार.

पर्वतीपायथा

कोडीच्या सेटिंगमध्ये सुरू होताच शेवटची वाहिनी लावायची सोय आहे, ती चालू करा. मग पाटी दिसतच नाही. आणि टीव्हीत एचडीएमआय-सीईसी (रिमोटचे हुकूम एचडीएमआय तारेतून पाठवायची सोय) चालू केलं तर टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतं. सॅमसंगमध्ये त्याचं नाव एनीनेट प्लस.

केबलनिष्ठ

बघा, एका वाहिनीसाठी सेटिंग, सीईसी, एनीनेट. माझा केबलवाला यातलं एक अक्षर न सांगता लावून जातो.

सूनबाई_बाणेर

एनीनेट चालू केलं. लागलं एकदाचं. सासूबाईंचा प्रश्न : यावर आवाज केबलपेक्षा बारीक का येतो?

गच्चीचीचावी

कोडीचा स्वतःचा आवाज वेगळा असतो, तो शंभरवर आहे का बघा. मग ऑडिओ सेटिंगमध्ये 'पासथ्रू' (आवाज जसाच्या तसा टीव्हीकडे सोडायची सोय) बंद करा. तरीही बारीक असेल तर त्या वाहिनीचं प्रक्षेपणच बारीक आहे, दुसरी लावून ताडून बघा.