वाळपईतल्या आपल्या शिवजयंतीला त्या नेत्यांना बोलवायचं का?

चोर्ल्यापलीकडची :

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, कणकुंबीजवळच्या एका वाडीतली. १९९८ साली लग्न होऊन गोव्यात वाळपईला आले ती इथलीच झाले. आमचं मंडळ लहान आहे. खानापूर-बेळगावकडून पोटासाठी घाट उतरून आलेली सत्तरेक घरं. कुणी गवंडीकाम करतं, कुणी बेकरीत आहे, कुणी भाजीच्या गाडीवर, आता पोरं औद्योगिक वसाहतीत जातात. दरवर्षी वैशाख शुद्ध द्वितीयेला आम्ही शिवजयंती करतो, बेळगावच्या रीतीने तिथीलाच. गोव्यात फर्मागुढीला १९ फेब्रुवारीला होते, म्हणून सुरुवातीला शेजारी विचारायचे, तुमची परत कशी? आता तेच लोक लेझीम बघायला दारात खुर्च्या टाकून बसतात.

यंदा मंडळाचं २५वं वर्ष. मंगळवारी छापखान्यातून पत्रिकेचा नमुना आला. वर महाराज, खाली उजव्या कोपऱ्यात प्रमुख पाहुणे म्हणून आपल्या तिकडच्या एका नेत्यांचा फोटो. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. गोव्यात येणाऱ्या म्हादई नदीचं पाणी कर्नाटकात हुबळी-धारवाडकडे वळवायची जी कळसा-भांडुरा योजना, तिचं काम पुरं करा म्हणून हेच गृहस्थ गेली कित्येक वर्षं प्रत्येक व्यासपीठावरून बोलत आलेत. ठरलं कधी, कुणी ठरवलं, बायकांना कुणी विचारलंच नाही. अध्यक्ष माझे मोठे दीर आहेत. म्हणाले, आपल्या मातीतला माणूस आहे, मराठीत बोलतो, ५० हजार देणार आहे, तू कशाला मध्ये पडतेस.

मी मध्ये पडते ते शेजारच्या वहिनींसाठी. त्या इथल्याच, सत्तरी तालुक्यातल्या. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि आमच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं. आजारी माणसाच्या घरात किती पाणी लागतं ते केलेल्यालाच कळतं. पहाटे पाचला वहिनी कुंपणाकडून हाक मारायच्या. त्यांच्या विहिरीला तेव्हा जेमतेम दोन हात पाणी होतं, तळाचे दगड दिसत होते. त्यांच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पोफळी सुकत होत्या, तरी पहिल्या आठ कळश्या माझ्या. मी म्हटलं, वहिनी, झाडांचं काय? तर म्हणाल्या, "झाडां रावतलीं गो, आजी रावची ना." झाडं थांबतील गं, आजी थांबायची नाही.

दरवर्षी पहिली पत्रिका मी त्यांनाच देते, हळदीकुंकू लावून. यंदा तो फोटो असलेली पत्रिका घेऊन त्यांच्या उंबऱ्यात कशी उभी राहू? मंडळात राहून विरोध कसा करावा, ते सांगा. भांडण करून बाहेर पडायचं नाही मला.

घाटमाथा :

ताई, तुमच्या भावना समजल्या, पण दुसरी बाजूही ऐका. मी खानापूरचा, १२ वर्षं म्हापशात आहे. इथं जरा काही बिनसलं की आपल्याला 'घांटी', म्हणजे घाटावरचे, असं हिणवतात. बेळगावची भाजी आणि दूध दोन दिवस आलं नाही तर गोव्याचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. मग आपल्याच कार्यक्रमाला कुणाला बोलवायचं हे आपण यांना विचारून ठरवायचं? आपली निष्ठा सिद्ध करत बसायचं? शिवाय हुबळी-धारवाडचे लोकही माणसंच आहेत. माझी बहीण हुबळीत दिली आहे. तिच्याकडे आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, पिंपं भरून ठेवायची. तिच्यासाठी बोलणारा नेता एकदम वाईट कसा? आणि सीमाभागात मराठीतून बोलणारे नेते उरलेत किती?

मलप्रभेकाठचा :

मी अजून गावातच आहे, कणकुंबीत, म्हणून लिहितो. इथल्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. कळशाचं पाणी उतरतं पश्चिमेला, म्हादईला. दोन्ही पाणी एकाच पावसाचं, डोंगराची पाठ कुठल्या बाजूला उतरते एवढाच फरक. तो फरकच खणून काढायचं काम २००६ साली सुरू झालं. आमच्या गावालगत कालव्याचा चर खणला, त्याची माती ढिगाने टाकली. पावसाळ्यात ती आमच्या शेतात वाहत आली, ती मी स्वतः फावड्याने उपसलीय.

हुबळीच्या ताईंना पाणी मिळावं, कोण नको म्हणेल. पण हे पाणी आधी मलप्रभेत, तिथून सौंदत्तीकडे नवीलतीर्थाच्या धरणात. मध्ये पडतो तो आमचा गाव आणि आमचं जंगल, आणि आम्ही उन्हाळ्यात डोक्यावरूनच पाणी आणतो. तो नेता तुमच्याकडे येऊन 'आपल्या मातीतला' म्हणवून घेणार असेल, तर आमची माती कुठली ते त्याला विचारा.

नदीचा हिशेब :

आकडे समोर असू देत, नाहीतर वाद भावनेवरच जातो. म्हादईच्या पाणीवाटपाचा लवाद २०१० मध्ये नेमला गेला, निवाडा १४ ऑगस्ट २०१८ रोजी आला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यात ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी, ते पाणी नदीतच परत येतं. खोऱ्याबाहेर वळवायचं ते कळशाचं १.७२ आणि भांडुराचं २.१८, म्हणजे ३.९ टीएमसी. तिन्ही राज्यं याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली.

३.९ ऐकायला थोडं वाटतं. पण मांडवीत (म्हादईच पुढे मांडवी होते) वर्षाचं बहुतेक पाणी पावसाळ्यात वाहून जातं, प्रश्न असतो मार्च ते मेचा. वरून गोडं पाणी कमी झालं की भरतीचं खारं पाणी नदीत आणखी वर चढतं. दिवाडी-चोडण बेटांवरची खाजनं (खारं पाणी बांधाने अडवून केलेली शेतं), खालच्या शेतांच्या विहिरी, सगळ्यांना त्याची झळ लागते. तुमच्या सत्तरीला पाणी देणारा दाबोसचा प्रकल्प म्हादईवरच आहे. म्हणजे ताई, तुमच्या मंडळाच्या महाप्रसादाचा भातसुद्धा याच नदीच्या पाण्यात शिजतो. ही गोष्ट बैठकीत नक्की मांडा.

लेझीम पथक :

मी याच मंडळातला, काकूंना ओळखतो. माझा जन्म वाळपईचा. शाळेत मी 'घांटी' ऐकलंय आणि त्यासाठी मारामारीही केलीय, त्यामुळे घाटमाथा यांचं दुखणं मला नवीन नाही. पण माझे मित्र इथलेच. म्हादईसाठी सभा झाली तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. त्या दिवशी कुणी मला घांटी म्हटलं नाही. आता पाहुण्यांच्या पुढ्यात लेझीम खेळायची वेळ आली तर मी आणि आणखी नऊजण खेळणार नाही. हे आम्ही अध्यक्षकाकांना घरी जाऊन तोंडावर सांगितलंय.

जुना चिटणीस :

मी मडगावात दुसऱ्या एका मंडळाचं काम १५ वर्षं केलं. विरोधाला वाट असते, ती मंडळाच्या घटनेतून काढा. मंडळ नोंदणीकृत असेल तर ठरावीक सभासदांच्या सह्यांनी विशेष बैठक मागता येते, नियमावली काढून आकडा बघा. मागणी लेखी द्या, पोच घ्या. ठरावाची भाषा माणसाविरुद्ध नको. 'यंदापासून पत्रिकेवर कुठल्याच पक्षाच्या वा राज्याच्या नेत्याचं नाव व फोटो नसावा' असं लिहा. मग दिरांनाही मागे यायला जागा राहते. त्यांनी शब्द दिलाय, तो त्यांना एकट्याने मोडायला लावू नका, मंडळाने मोडावा. आणि ५० हजारांचं काय, तेही त्याच बैठकीत सांगा. पैशाचं उत्तर नसेल तर ठराव पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चोर्ल्यापलीकडची :

सगळ्यांचे आभार. बैठक काल रात्री झाली, म्हणून आता लिहिते.

सह्या २६ मिळाल्या, त्यातल्या १७ बायकांच्या. चिटणीस दादांनी सांगितलेली भाषा तशीच ठेवली. मी उभी राहिले तेव्हा हातातला कागद थरथरत होता. आकडे अर्धे विसरले. शेवटी कागद खाली ठेवला आणि विहिरीचीच गोष्ट सांगितली, आठ कळश्यांची. मग माझी जाऊ उठली. मोठ्या दिरांची बायको, जिने आजवर बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. म्हणाली, सासूबाईंना शेवटची आंघोळ घातली ते पाणीही वहिनींच्याच विहिरीचं होतं. दीर खाली बघत बसले होते. मला त्यांचं वाईट वाटलं, अजून वाटतंय. मंडळ त्यांनी उभं केलं, पहिली आठ वर्षं मंडपाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले.

घाटमाथा दादा, तुमच्या बहिणीचा मुद्दा मी बैठकीत मांडला, लपवला नाही. तिला पाणी मिळायलाच हवं. पण माझं म्हणणं तिच्याविरुद्ध नाही. शेजाऱ्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा माणूस आपल्या सणाच्या पाटावर बसवायचा नाही, एवढंच. आपण इथं निष्ठा दाखवायला आलेलो नाही, हे मलाही मान्य. पण उपकार आठवणं हा तर आपल्याच घरचा संस्कार.

ठराव ३१ विरुद्ध १८ असा झाला. दिरांनी रात्रीच नेत्यांना फोन केला. पैसे येणार नाहीत. घरटी ७०० रुपये काढायचं ठरलं, जमणार नाही त्यांनी महाप्रसादाच्या कामाला हात लावायचा. पाहुणे म्हणून मंडळाच्या पहिल्या वर्षी ज्यांच्या ओसरीवर महाराजांची मूर्ती ठेवली होती, ते इथले आजोबा. ८६ वर्षांचे आहेत, नारळ तेच वाढवतील. पत्रिकेवर फोटो फक्त महाराजांचा.

चार घरं रागावून गेलीत. त्यातल्या एकाच्या माळ्यावर पथकाचं सामान होतं, ते आज मागायला गेलो तर दार उघडलं नाही. मी परत जाईन, चार दिवसांनी, त्यांच्या आईला भेटायला म्हणून. तोवर तालमीला १५ लेझीम आणि एक हलगी कमी पडतेय. साखळी-डिचोलीकडच्या कुठल्या मंडळाकडे असेल तर आठवडाभरासाठी द्या, मी स्वतः येऊन नेते.