जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्हवरचं हलकं लिनक्स : कामाचं की नुसती हौस?

वडगावचा_गडी :
विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत ज्याला त्याला नवीन लॅपटॉपची घाई झालीय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, किमान ४ जीबी रॅम पाहिजे, प्रोसेसरसुद्धा त्यांच्या यादीतलाच पाहिजे, म्हणजे दहा-बारा वर्षं जुनं मशीन आपोआप बाद. दुकानवाले सरळ भंगारात घाला म्हणतात. मी म्हणतो कशाला ओ? ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या, विंडोजवरच रुफस (पेनड्राइव्हवर सिस्टिम चढवायचं सॉफ्टवेअर) वापरून त्यावर पपी नाहीतर अँटीएक्स (विंडोजऐवजी चालणारी हलकी लिनक्स) लिहा, चालू करताना एफ१२ किंवा एफ९ (कंपनी बघून) दाबून त्याच्यावरून बूट करा, म्हणजे मशीन पेनड्राइव्हवरून चालू होतंय. आतल्या हार्डडिस्कला हात लावायचा नाही, ती मेलेली असली तरी चालतंय. पपी तर अख्खं रॅममध्ये जाऊन बसतं, बॅरी कॉलर नावाच्या माणसानं २००३ ला ते काढलं तेच जुन्या मशीनवर पळावं म्हणून. पोरांचा अभ्यास, भूमीच्या (कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या) साइटवर शेताचा उतारा बघणं, लाईटबिल भरणं, एवढ्याला बास होतंय की. विरोधात असेल त्यानं कारण सांगा, 'लिनक्स अवघड' हे कारण नव्हे.

टिळकवाडी_कट्टा :
मी विरोधात. रॅम सिस्टिम खात नाही, ब्राउझर खातो. अँटीएक्स चालू होऊन दोन-अडीचशे एमबीत बसतं हे मान्य, पण त्यावर ब्राउझर उघडून चार टॅब आणि एक व्हिडिओ लावला की २ जीबीचं मशीन गप. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) हलकं घेतलं म्हणून समोरची वेबसाइट हलकी होते काय? आणि पेनड्राइव्ह हे रोज लिहायचं साधन नव्हे, स्वस्तातल्या पेनड्राइव्हची फ्लॅश (आतली मेमरी) सारखं लिहून मरते आणि मरायच्या आधी सांगत पण नाही. जुन्या लॅपटॉपला यूएसबी २.० चं पोर्ट असलं तर वेग कागदावरच ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात त्याच्या खालीच. त्यापेक्षा त्याच मशीनला हार्डडिस्कच्या जागी एक लहान साटा एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा आणि तेच अँटीएक्स नीट इन्स्टॉल करा. माझं भांडण लिनक्सशी नाही, पेनड्राइव्हशी आहे.

वडगावचा_गडी :
कट्टेकर, तुम्ही म्हणूलालाय ते उबुंटू लाइव्ह यूएसबीवर इन्स्टॉल करून वापरणाऱ्याला लागू हाय. पपीत सिस्टिमची फाइल दाबून बंद केलेली असते, ती एकदा रॅममध्ये आली की पेनड्राइव्हला काम नाही, बदल सगळे रॅममध्ये होतात आणि बंद करताना विचारून पेनड्राइव्हवरच्या सेव्हफाइलमध्ये जातात. सारखं लिहायचा प्रश्नच येत नाही. सेव्हफाइल केलीच नाही तर बूट झाल्यावर पेनड्राइव्ह काढून खिशात घाला, तरी चालूलालंय. ब्राउझरचं म्हणणं मान्य, पण २ जीबीत झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा करणारी सोय) चालू करून दोन-तीन टॅबचं काम होतंय, तेवढ्यासाठी मशीन भंगारात घालायचं काय बे?

निपाणी_नाका :
ह्यो 'बंद करताना सेव्ह' प्रकारच मला खटकतोय. आमच्याकडं उन्हाळ्यात लाईट कवा जाईल नेम न्हाई, आन् जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हंजे नावालाच, प्लग काढला की मशीन बंद. सकाळपास्नं टाईप केलेलं रॅममधी हाय आन् बाराला लाईट गेली, मग? माझ्या भाच्याचं असंच सगळं प्रोजेक्ट गेलं, आता त्यो लिनक्सचं नाव काढू देत न्हाई. शिवाय पपीत माणूस पहिल्यापास्नंच रूट (सगळं करायची मुभा असलेला युजर) असतोय, म्हंजे चुकून काय डिलीट केलं तर इचारणारं कोण न्हाई.

वडगावचा_गडी :
निपाणीकर, कागदपत्रं सेव्हफाइलमध्ये ठेवायचीच नाहीत. पेनड्राइव्हचे दोन भाग करा, एकात सिस्टिम, दुसऱ्यात फाइली, लिब्रेऑफिसमधून थेट दुसऱ्या भागात सेव्ह करा, मग लाईट गेली तर गेली, शेवटचं सेव्ह केलेलं राहतंय. अँटीएक्सला तर स्टॅटिक पर्सिस्टन्स म्हणून पर्याय हाय, त्यात बदल तिथल्या तिथं लिहिले जातात. रूटचं म्हणाल तर ब्राउझर 'स्पॉट' नावाच्या वेगळ्या साध्या युजरखाली चालवायची सोय पपीतच हाय, आणि पटत नसेल तर अँटीएक्स घ्या, तिथं नेहमीसारखा युजर-पासवर्ड.

टिळकवाडी_कट्टा :
बघा, स्टॅटिक केलं की तिथल्या तिथं पेनड्राइव्हवर लिहिणं आलं. म्हणजे एकतर लाईटीला घाबरा नाहीतर फ्लॅशला. मी हेच सांगतोय 😀

खानापूर_लाईन :
दोघांनाही एक महत्त्वाचं. हे वाचून कुणी ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर हा उद्योग करू नका. पपी बूट व्हावं म्हणून बऱ्याचदा सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर सिक्युअर बूटला हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागत बसतं. की जवळ नसली की डेटा गेलाच समजा. दुसरं, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, तशा एनटीएफएस (विंडोजच्या) पार्टिशनवर लिनक्समधून काही लिहायला जाऊ नका, आधी फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मगच शटडाऊन करा. जुन्या मशीनला हा त्रास सहसा नाही, म्हणून विषयापुरता मी वडगावच्या बाजूनं.

नेटसेंटर_शहापूर :
आमच्यासारख्याला खरी अडचण वेगळीच ओ. गिऱ्हाईक येतं, त्याला अर्ज कन्नडमध्ये पाहिजे आणि पत्र मराठीत पाहिजे. हलक्या डिस्ट्रोत जागा वाचवायला फॉन्टच कमी घातलेले असतात, उतारा उघडला की नुसत्या चौकोनी डब्या. नोटोचे देवनागरी आणि कन्नड फॉन्ट घातले की दिसतं, टायपिंगला आयबस आणि एम१७एन (आपल्या भाषांत टाईप करायची सॉफ्टवेअर) घालायचं, मराठीचं इनस्क्रिप्ट मिळतं आणि कन्नडचा केजीपी, म्हणजे नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांच्या बोटात बसलेलाच लेआउट. हे सगळं करून सेव्ह करायचं आणि मग त्या पेनड्राइव्हची दुसरी कॉपी काढून ठेवायची, हे कुणी सांगतच नाही. फायदा एकच पण मोठा, गिऱ्हाइकाचं आधार, रेशनकार्ड कुठं सेव्ह राहत नाही, मशीन बंद केलं की साफ. माझ्या एका मशीनवर असंच चालूलालंय. प्रिंटरनं मात्र जीव खाल्ला.

छापखानेवाला :
तुमचं होतंय रे बाबांनो. आमची पत्रिका कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुना सगळा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात, हिशेब टॅलीत. हे तिन्ही पेनड्राइव्हवर घालून दाखवा, मग बोलू.

वडगावचा_गडी :
छापखान्याला लिनक्स घाला असं मी म्हटलंच नाही ओ. तुम्ही विंडोजच वापरा.

संकेश्वर_साईड :
एक राहिलंच, ३२ बिटचं मशीन असेल तर (जुने अ‍ॅटम प्रोसेसरवाले नेटबुक बघा) निवड फार थोडी उरलीय. डेबियन (अँटीएक्स ज्याच्यावर बेतलंय ते मोठं लिनक्स) १३ नं ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद केला. अँटीएक्स २३ ची ३२ बिट आयएसओ (पेनड्राइव्हवर लिहायची फाइल) अजून मिळते. ६४ बिट असेल तर बुकवर्मपप (पपीचाच एक प्रकार) बघा, डेबियन १२ चेच पॅकेज घेतं त्यामुळं सॉफ्टवेअर शोधत फिरावं लागत नाही.

टिळकवाडी_कट्टा :
बरं, माझं म्हणणं परत सांगतो. पेनड्राइव्ह बघायला ठीक. चार दिवस त्याच्यावर चालवा, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटल्यावर परत उठतंय का बघा, जमलं तर एसएसडी घेऊन पक्कं करा. त्याच्यावरच संसार मांडू नका. उद्या घरच्यांचा पेनड्राइव्ह सापडला नाही की फोन तुम्हालाच येणार आहे.

वडगावचा_गडी :
फोन येऊ दे की, दुसरा पेनड्राइव्ह तयार करून दारात नेऊन देतो. एसएसडी बदलायला लॅपटॉप खोलून द्यायला तुम्ही येणार काय टिळकवाडीतनं?

निपाणी_नाका :
लाईटीचं दोघांनी बी टाळलं 😄

नेटसेंटर_शहापूर :
भांडण झालं असलं तर प्रिंटरचं कुणाला माहीत असलं तर सांगा रे. एचपीचा एचपीलिपनं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरनं) लगेच लागला, दुसऱ्या कंपनीचा जुना लेझर आहे तो दिसतो पण पान बाहेर टाकत नाही.