बेसबॉलच्या येत्या हंगामात कोणता संघ किती सामने जिंकेल, हे कशावरून ठरवावे?

तापीकाठ (चोपडा)

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्या मुली शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळतात. त्यांची गोडी टिकावी म्हणून दरवर्षी मार्चमध्ये आम्ही अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ एका पुठ्ठ्यावर लिहितो, १६२ सामन्यांपैकी प्रत्येक संघ किती जिंकेल तो आकडा त्याच्यापुढे मांडतो आणि सप्टेंबरअखेर हंगाम संपला की ताळा करतो.

२०२५ साठी आम्ही २०२४ चे विजय जवळपास तसेच उतरवले होते. मुलींच्या आवडत्या संघांना तेवढे थोडे वाढवून दिले होते. ताळा केला तेव्हा सगळ्यांचेच चेहरे उतरले. २०२४ मध्ये ७४ विजयांसह विभागात तळाला राहिलेल्या टोरोंटो ब्लू जेजने ९४ सामने जिंकून वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम फेरीच्या मालिकेच्या, सातव्या सामन्यापर्यंत मजल मारली, तर ९१ विजय मिळवणारा बाल्टिमोर ओरिओल्स ७५ वर आणि ८९ मिळवणारा अटलांटा ब्रेव्ह्ज ७६ वर घसरला. या तीन नावांभोवती लाल पेन्सिलीने काढलेली वर्तुळे अजून वर्गाच्या भिंतीवर आहेत. नववीतील एका मुलीने तेव्हा विचारले, "सर, मग मागच्या वर्षाचं काहीच कामाचं नसतं का?" मला तिला उत्तर देता आलेले नाही.

येत्या हंगामासाठी काय धरावे आणि काय सोडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलींना वहीवर करता येईल एवढेच गणित असावे.

जुनी वही (अमळनेर)

सर, मागच्या वर्षाचे पुष्कळ कामाचे असते, पण त्यातला सर्वांत कच्चा आकडा तुम्ही उचललात. विजयांची संख्या बाजूला ठेवा आणि संघाने केलेल्या धावा व दिलेल्या धावा पाहा. बिल जेम्स या अभ्यासकाने यासाठी दिलेले सूत्र दहावीच्या मुलींना सहज जमेल: केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. जे येईल ते संघाच्या विजयांचे अपेक्षित प्रमाण. वर्गांच्या बेरजेमुळे त्याला पायथागोरसचे नाव चिकटले आहे.

उदाहरण घ्या. टेक्सास रेंजर्सने २०१६ मध्ये ९५ सामने जिंकले आणि आपल्या विभागात पहिले स्थान मिळवले. त्यांच्या धावा ७६५ आणि त्यांनी दिलेल्या धावा ७५७. सूत्रात घातले तर सुमारे ०.५०५ येते, म्हणजे १६२ सामन्यांत ८२ विजय. उरलेले १३ विजय कुठून आले? एका धावेच्या फरकाने निकाली निघालेले ४७ सामने त्या वर्षी त्यांच्या वाट्याला आले आणि त्यातले ३६ त्यांनी जिंकले. एका धावेचा सामना शेवटच्या डावात चेंडूच्या एका विचित्र टप्प्यावरही फिरू शकतो, आणि असे टप्पे सलग दोन वर्षे एकाच संघाला साथ देतील असे धरता येत नाही. २०१७ मध्ये हाच संघ ७८ वर आला. ज्यांनी धावा पाहिल्या होत्या त्यांना याचे नवल वाटले नाही.

भागाकार नको असेल तर त्याहून सोपा ठोकताळा असा: केलेल्या धावा दिलेल्या धावांपेक्षा जितक्या जास्त, त्यातल्या दर १० धावांना एक विजय. सरासरी संघ ८१ सामने जिंकतो, म्हणून ८ धावांनी पुढे असलेला रेंजर्स साधारण ८२. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते, हे मुलींना स्वतः पडताळून पाहू द्या.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मिळालेला आकडा ८१ च्या दिशेने आत ओढावा. मी स्वतः निम्म्याने ओढतो: ९५ आला तर ८८, ६५ आला तर ७३. मागील वर्षी शिखरावर असलेल्या संघाला गुणांबरोबर नशिबाचीही साथ मिळालेली असते आणि तळाच्या संघाला दोन्हींनी दगा दिलेला असतो. गुण बऱ्याच अंशी पुढे चालत येतात, नशीब येत नाही. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने गमावले आणि केवळ ४१ जिंकले. २०२५ मध्येही तो संघ दुबळाच होता, तरी त्याने ६० जिंकले.

एक पडताळणी आजच करून पाहा. ३० संघांच्या विजयांची बेरज २४३० व्हायला हवी, कारण प्रत्येक सामना कोणीतरी एकच जिंकतो. तुमच्या मागील तक्त्याची बेरज किती होते, ते मला जाणून घ्यायला आवडेल.

अनेरकाठ (शिरपूर)

'जुनी वही' यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण केवळ धावांवर थांबलो तर दुसऱ्या बाजूने फसगत होते. सिअ‍ॅटल मरिनर्सने २०२१ मध्ये ९० सामने जिंकले तेव्हा ते ५१ धावांनी मागे होते. वरच्या ठोकताळ्याने त्यांना ७६ विजय मिळायला हवे होते, आणि २०२२ मध्ये ते खाली येतील असे धावा सांगत होत्या. प्रत्यक्षात त्यांनी पुन्हा ९० जिंकले आणि २००१ नंतर प्रथमच प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी, गाठली.

सूत्र खोटे ठरले असे मात्र नाही. दुसऱ्या वर्षीचा संघच वेगळा होता. हुलिओ रॉड्रिगेझ हा तरुण फलंदाज २०२२ मध्येच संघात आला आणि अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. आदल्या वर्षी अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) साय यंग पुरस्कार मिळवलेला रॉबी रे त्यांनी करारबद्ध केला, आणि हंगामाच्या मध्यावर लुईस कास्तिओ हा आणखी एक पिचर आणला. गणवेश तोच होता, आतली माणसे बदलली होती. म्हणून अंदाज खेळाडूंवरून वर बांधत न्यावा, असे माझे मत आहे.

त्यासाठी बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक टॉम टँगो यांची 'मार्सेल' ही पद्धत मुद्दाम साधी ठेवलेली आहे. खेळाडूच्या मागील तीन वर्षांना अनुक्रमे ५, ४ आणि ३ असे वजन द्यायचे, त्यात लीगच्या सरासरीचे थोडे मिश्रण करायचे आणि वयाची किंचित दुरुस्ती करायची: २९ च्या आतील खेळाडूला थोडे वाढवून, पुढच्याला थोडे घटवून. समजा, एका फलंदाजाने सर्वांत अलीकडच्या वर्षापासून मागे जात ३०, २४ आणि १८ होमरन मारले, आणि प्रत्येक वर्षी तो ६०० वेळा फलंदाजीला आला. वजनासह बेरीज ३०० होमरन आणि ७२०० संधी. त्यात सरासरी फलंदाजाच्या १२०० संधी मिळवा. त्याचे प्रमाण ३ टक्के धरले तर आणखी ३६ होमरन. ८४०० संधींत ३३६, म्हणजे ४ टक्के. ६०० संधींत २४. मुली नक्कीच ३० म्हणाल्या असत्या, कारण शेवटचे वर्ष डोळ्यांसमोर असते.

तीसही संघांसाठी हे करणे शाळेत शक्य नाही. दोन-तीन आवडते संघ निवडून त्यांचे नऊ फलंदाज आणि पाच मुख्य पिचर एवढेच करा, बाकीच्यांना 'जुनी वही' यांची रीत पुरेशी आहे.

पहाटेचा सामना (रावेर)

माझी केळीची बाग आहे. पूर्व किनाऱ्यावरचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात; मोटर चालू करून पाणी सोडले की बांधावर बसून मी मोबाइलवर दोन-तीन डाव पाहतो. वरील दोघांनी आकडा कसा काढावा ते उत्तम सांगितले. मला तो आकडा लिहावा कसा, याविषयी सांगायचे आहे.

मृगबाग लावताना व्यापारी विचारतो, घड किती किलोचा पडेल. मी कधीही एक आकडा सांगत नाही. अमुकपासून अमुकपर्यंत असे सांगतो, कारण मे-जूनच्या वादळात कोणाची बाग आडवी होईल हे मला माहीत नसते, पण कोणाची तरी होणार हे माहीत असते. बेसबॉलमध्ये पिचरच्या कोपराचे तसेच आहे. टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचा तुटलेला अस्थिबंध नव्याने बसवण्याची) झाली की पिचर साधारण वर्ष-दीड वर्ष मैदानाबाहेर जातो. कोणाचा कोपर जाईल हे मार्चमध्ये सांगता येत नाही, पण ज्या संघाकडे सहावा आणि सातवा बरा पिचर तयार आहे तो संघ असा फटका सोसतो, आणि हे मार्चमध्येही दिसते.

आता नशिबाचे माप. एखादा संघ अगदी सरासरी आहे हे तुम्हाला देवाने येऊन सांगितले, तरी १६२ सामन्यांत त्याचे विजय नाणेफेकीसारखे हलतात. १६२ ला चारने भागून वर्गमूळ काढले तर ६.४ येते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा तो ७५ ते ८७ च्या दरम्यान राहील आणि तिसऱ्या वेळी बाहेर जाईल. तुमचा तक्ता निर्दोष असला तरी ३० पैकी सुमारे १० संघ सहाहून अधिक विजयांनी चुकणारच, आणि एक-दोन तर तेराच्याही पुढे. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स निम्मे सामनेही जिंकणार नाही असे बहुतेक अंदाज होते; त्याने १०७ जिंकले.

म्हणून भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येक संघापुढे दोन आकडे लिहा, खालचा आणि वरचा. टोरोंटोभोवतीचे वर्तुळ तरीही राहिले असते. बाल्टिमोर आणि अटलांटाचा आकडा मात्र निम्म्याने आत ओढला असता तर तुमची चूक बाल्टिमोरच्या बाबतीत १६ वरून ११ वर आणि अटलांटाच्या बाबतीत १३ वरून ९ वर आली असती.

तापीकाठ (चोपडा)

आपणा तिघांचेही मनापासून आभार. काल शेवटच्या तासाला जुना तक्ता भिंतीवरून उतरवून मुलींनी बेरीज केली. दोनदा केली, कारण पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसला नाही: २४९३ आली. आवडीपोटी आम्ही ६३ विजय असे वाटले होते जे कोणाकडेच शिल्लक नव्हते.

शनिवारी दहावीच्या मुली ३० संघांच्या मागील वर्षीच्या केलेल्या व दिलेल्या धावा लिहून काढतील, त्यांतला फरक दहाने भागून ८१ भोवती मांडतील आणि निम्म्याने आत ओढतील. नववीच्या मुलींनी मार्सेलसाठी टोरोंटो निवडला आहे. मला एवढेच विचारायचे राहिले: ज्या तरुण खेळाडूचे मेजर लीगमधले एकच वर्ष झाले आहे, त्याच्या बाबतीत ४ आणि ३ वजनाच्या जागी काय धरावे?

अनेरकाठ (शिरपूर)

काहीही धरू नका, त्या जागा रिकाम्या ठेवा. ५ वजनाच्या ६०० संधी म्हणजे ३०००. त्यात सरासरीच्या त्याच १२०० मिळवल्या की त्याचा अंदाज आपोआप सरासरीकडे जास्त ओढला जातो, आणि ज्याच्याविषयी थोडेच माहीत आहे त्याच्यासाठी तेच योग्य आहे. टोरोंटोचा आकडा निघाला की इथे जरूर कळवा.